वस्तीचा आराखडा वस्तीतल्या कुणाला विचारून?

मेघना_द

आमच्या गटाकडे पुण्यातल्या एका वस्तीतलं जुनं सार्वजनिक शौचालय पाडून नवं बांधण्याचं काम आलं आहे. बांधकाम ठेकेदार करेल. आराखडा वस्तीबरोबर बसून ठरवायचा, एवढी आमची जबाबदारी. गटात वास्तुविशारद आहेत, समाजकार्य शिकलेल्या दोघी आहेत. उत्साह भरपूर आहे.

पहिली बैठक मंडळाच्या ऑफिसात झाली. खुर्च्या भरल्या. मंडळाचे कार्यकर्ते, माजी नगरसेवकाची माणसं, किराणावाले आणि पक्क्या घरांचे मालक असे सगळे आले. यातल्या बहुतेकांच्या घरात स्वतःचा संडास आहे. ज्यांना हे शौचालय रोज लागतं त्या भाडेकरू बायका, धुणंभांडी करायला जाणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या, लहान मुलं, पायाने अधू झालेली म्हातारी माणसं, यांतलं जवळपास कुणी नव्हतं. चारदोन बायका दाराशी उभ्या राहिल्या आणि स्वयंपाकाची वेळ झाली तशा निघून गेल्या. तरी इतिवृत्तात ‘नागरिकांशी चर्चा करून आराखडा अंतिम केला’ असं लिहून सह्या घेता आल्या असत्या, कुणी हरकत घेतली नसती. आम्ही ते केलं नाही. काम थांबवून धरलं आहे आणि म्हणून हा धागा काढते आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी आणि माझी सहकारी थेट शौचालयाच्या रांगेत जाऊन उभ्या राहिलो. एका बाईच्या काखेत मूल आणि हातात बादली होती. ती म्हणाली, “ताई, हे दार आत उघडतं ना, ते बादलीवर आपटतं. बादली बाहेर ठेवली तर कुणीतरी नेतं. मग पोराला बाहेर उभं करते नि बादली आत घेते.” मी आत जाऊन बघितलं. खरंच, दार पूर्ण उघडायचं तर बादली भांड्यातच ठेवावी लागते. पाळीच्या दिवसांत कपडे अडकवायला एक खिळासुद्धा नाही. हे आमच्या कुठल्याही नकाशात दिसलं नसतं.

पुण्याला हे नवीन नाही, म्हणून जास्त वाईट वाटतं. १९९९ ते २००१ या काळात रत्नाकर गायकवाड महापालिका आयुक्त असताना वस्त्यांत ४०० च्या वर शौचालयं, म्हणजे १० हजारांहून जास्त सीट उभ्या राहिल्या. स्पार्क ही स्वयंसेवी संस्था, राष्ट्रीय झोपडपट्टीवासी संघ आणि वस्तीतल्या बायकांची महिला मिलन यांनी त्यांतली बरीच बांधली. बायकांना विचारल्यामुळे त्यांत काय काय आलं बघा: बायका आणि पुरुष यांची वेगळी दारं, वेगळ्या रांगा, देखभाल करणाऱ्या कुटुंबाला राहायला खोली, आणि मुलांसाठी वेगळ्या छोट्या सीट, धरायला दांडी असलेल्या. मोठ्यांच्या भांड्यात पडू अशी भीती पोरांना वाटते आणि गर्दीच्या वेळी मोठी माणसं त्यांना रांगेतून बाहेर काढतात, म्हणून पोरं बाहेर गटारावर बसतात, हे आयांनी सांगितलं.

येरवड्यातही झालं. नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेखाली नेताजीनगर, शीला साळवे नगर, मदर तेरेसा नगर वगैरे वस्त्यांत कच्ची घरं जागच्या जागी पाडून २७० चौरस फुटांची पक्की घरं बांधली. घराला ३ लाखांचा खर्च धरलेला, त्यातले १० टक्के कुटुंबाने भरायचे. वास्तुविशारदांनी घराचे नमुने काढले, कापडाचं खऱ्या मापाचं घर वस्तीत उभं केलं, लोक त्यात चालून बघत होते. जिना कुठे, मोरी कुठे, शेजारच्यांनी मिळून बांधायचं का, हे घरटी बोलून ठरलं.

तर माझे प्रश्न असे. बैठकीला न येणाऱ्यांना कसं गाठायचं? आल्यावर त्यांनी मोकळेपणाने बोलावं यासाठी काय करायचं? आणि ते बोलले त्याचं नकाशात काहीतरी होईल याची हमी कशी द्यायची? ज्यांनी असं काम केलं आहे किंवा ज्यांच्यावर असं काम झालं आहे, त्या दोघांचंही ऐकायचं आहे.

बोरीबाभळी

फार गरजेचा धागा. भायखळ्याचं उदाहरण इथे यायलाच हवं, कारण कापडाचं घर येरवड्याच्या आधी तिथे उभं राहिलं होतं.

१९८५ साली सर्वोच्च न्यायालयाचा ओल्गा टेलिस खटल्यातला निकाल आला. जगण्याच्या हक्कात उपजीविका येते असं न्यायालयाने मान्य केलं, पण फुटपाथवरच्या झोपड्या हटवायची महापालिकेला मुभाही राहिली. त्याच सुमाराला स्पार्कने भायखळा आणि मोठ्या रस्त्यांच्या फुटपाथवरच्या सहा हजारांच्या आसपास कुटुंबांची मोजणी केली. तोवर सरकारी दफ्तरात ही माणसं नव्हतीच. पुढच्या वर्षी त्याच बायकांची महिला मिलन उभी राहिली. बचत सुरू झाली, रोज रुपया-दोन रुपये.

घराचा विचार त्यानंतर सुरू झाला. या बायका पक्क्या घरात राहिलेल्या नव्हत्या. त्यांना ‘१८० चौरस फूट’ म्हणून काय कळणार? त्यांनी साडीने मोजलं. साडी लांब धरायची, एवढी रुंदी, एवढी उंची. मग खऱ्या मापाची घरं उभी केली आणि आत जाऊन बसल्या. त्यातून १४ फूट उंचीचं घर निघालं, पोटमाळ्यासकट. फुटपाथवर पोरं वर झोपायची आणि सामान खाली, याची सवय असल्यामुळे उंची हवी हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. जमीन थोडी मिळणार होती, त्यामुळे त्यांनी उंची मागितली. पुढे मानखुर्दला मिलन नगर झालं ते याच विचाराने.

माझं म्हणणं एवढंच की मापाचं घर नंतर आलं, आधी बचत आली, मोजणी आली, पोलीस चौकीत जाऊन बोलायची सवय आली. मेघना, तुम्ही रांगेत उभ्या राहिलात ते उत्तम झालं. पण त्या बाईला मंडळाच्या ऑफिसात तुमच्यासमोर बोलायला लागेल तेव्हा तिच्यामागे कोण असेल?

रेवती_क

+१ बोरीबाभळी.

मेघना, भाडेकरूंचा उल्लेख केलात त्यावर थोडं. वस्तीतल्या कुठल्याही योजनेत पात्र-अपात्रची यादी निघाली की फोटोपास, वीजबिल, जुनी कागदपत्रं बघतात. ती सगळी घरमालकाच्या नावावर. भाडेकरू त्या यादीत नसतो, त्यामुळे बैठकीच्या निरोपातही नसतो. शिवाय घरमालक बसलेला असताना भाडेकरू बाई तक्रार करणार नाही, तिला पुढच्या महिन्यात खोली हवी असते. त्यांची बैठक वेगळी घ्या आणि वस्तीबाहेर, जवळच्या शाळेत किंवा अंगणवाडीत घ्या. यादीपेक्षा अंगणवाडी सेविका आणि आशाताईंना विचारा. कुठल्या खोलीत कोण राहतं, कोण बाळंतीण आहे, कोण अंथरुणावर आहे, त्यांना सगळं माहीत असतं.

औसेकर

मी औसा तालुक्यातला. ‘ज्यांच्यावर असं काम झालं आहे’ त्यांपैकी, म्हणून लिहितो.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं, लोक उशिरा झोपले होते. किल्लारीचा भूकंप झाला, नंतरचं सगळ्यांना माहीत आहे. ५२ गावं पूर्ण नव्या जागी हलवायचं ठरलं. घरं कुणाला किती, तर जमिनीच्या हिशेबाने. भूमिहीन आणि हेक्टरभरापर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यावर ७५०. एका मापाची घरं एका भागात. म्हणजे मजूर एका अंगाला आणि बागायतदार दुसऱ्या अंगाला, हे नकाशातच आलं. जुन्या गावात भिंतीला भिंत होती, वाड्याला चौक होता, बायका चौकात निवडणं-टिपणं करत बसायच्या. नव्या गावात चौफेर रुंद रस्ते, घर चारी बाजूंनी उघडं. बायका घरात कोंडल्यासारख्या झाल्या. मग कुणी पत्रे लावले, कुणी दगड रचून कंपाउंड केलं. गोठ्याचा विचारच नव्हता. बैल बांधायचा कुठं? शेतही लांब पडलं.

लोकांना विचारलं नाही असं म्हणता येणार नाही. ग्रामसभा झाल्या. सभेत बोलले पाटील, सरपंच आणि तालुक्याला येणंजाणं असलेले लोक. त्यांना शहरासारखं सरळ रस्त्यांचं गाव पाहिजे होतं. त्या दिवसांत दगडी भिंतींची भीती सगळ्यांच्या मनात बसली होती, त्यामुळे ‘सिमेंट द्या’ याला कोण नाही म्हणणार? आणि एक गोष्ट शहरातल्या अभ्यासकांना आवडत नाही तरी सांगतो. जुनं गाव जसंच्या तसं पाहिजे असं सगळ्यांचं मत नव्हतं. दलित वस्ती जुन्या गावात शिवेला होती. त्यांतल्या कित्येकांना नव्या गावात सगळ्यांबरोबर घर पाहिजे होतं आणि भावकीची माणसं म्हणत होती की आमची गल्ली आम्हाला एकत्र द्या. ‘गावाचं म्हणणं’ असं एक काही नव्हतंच. ज्याने ते एक आहे असं धरलं, त्याने पाटलाचं म्हणणं लिहून घेतलं.

याच्या उलट काम जी गावं हलवली नाहीत तिथे झालं. घराची दुरुस्ती किंवा नवं बांधकाम मालकाने स्वतः करायचं, सरकारने हप्त्यांनी पैसे द्यायचे, अभियंत्याने तपासायचं. त्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका संवाद सहायक म्हणून उभ्या केल्या. माझी चुलती त्या वेळी बैठकांना जायची. लिहायला-वाचायला जेमतेम येतं. पण भिंतीच्या कोपऱ्यात सळई कशी वळवायची, दारावरची पट्टी घरभर सलग का पाहिजे, हे तिने असं शिकून घेतलं की गवंड्याला तिच्यासमोर चुकवता यायचं नाही. शेजारच्या घरी जाऊन पहिला प्रश्न, “भिंतीला पाणी मारलं का?” गवंडी चिडायचा. पण भिंती चांगल्या झाल्या.

म्हणून मेघनाताई, लोकांना नुसतं ‘काय पाहिजे’ विचारू नका. काय केलं तर काय होतं ते शिकवा आणि मग विचारा. माहिती नसलेला माणूस ज्याच्या अंगावर चांगले कपडे आहेत त्याच्या बाजूने मान हलवतो.

लोखंडी_पूल

महानगरपालिकेत अभियंता म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. दुसरी बाजू मांडतो. राग मानू नये.

बहुतेक वेळा लोकांना बोलवायची वेळ येते तेव्हा आमच्या हातातही काही उरलेलं नसतं. कामाचा क्रम असा: अंदाजपत्रक, मग तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. बैठक बहुतेकदा कार्यारंभ आदेशानंतर होते, कारण तेव्हा ठेकेदार वस्तीत जातो आणि लोक अडवतात. त्या टप्प्यावर दार आत उघडायचं की बाहेर एवढंही बदलायचं तर जादा बाबींचा प्रस्ताव लागतो. कनिष्ठ अभियंता का म्हणून डोकेदुखी ओढवून घेईल? वर मार्चअखेर. निधी खर्च झाला नाही तर परत जातो आणि मग वस्तीला काहीच मिळत नाही, हेही मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्यामुळे तुम्ही आत्ता कुठल्या टप्प्यावर आहात ते आधी बघा. अंदाजपत्रक झालेलं नसेल तर सोनं आहे. तेवढ्या काळात जे काय बोलायचं ते बोलून घ्या. झालं असेल आणि मान्यता बाकी असेल, तरी एक वाट आहे. ज्या गोष्टी बदलू शकतात त्यांच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद धरून ठेवा, म्हणजे मुलांच्या सीट, कठडे, हूक, कपाट, दिवे. दरसूचीत, म्हणजे कामांच्या ठरलेल्या दरांच्या यादीत, या बाबी असतात. नंतर जागा बदलली तरी चालते, बाबच नसली तर काही होत नाही.

१९९९ च्या कामाचं मेघनाने लिहिलं. ते चाललं त्याचं एक कारण सहसा कुणी सांगत नाही. ज्या संस्थेने बांधायचं तिनेच देखभाल करायची, असं काम महापालिकेने दिलं होतं. ड्रेनेज तुंबलं की त्याच माणसांकडे तक्रार जायची. ज्याला उद्या झाडायचं आहे तो फरशीचा उतार नीट काढतो. ठेकेदाराला बिल मिळालं की त्याचा संबंध संपतो.

मेघना_द

लोखंडी_पूल, राग कसला, हेच हवं होतं. अंदाजपत्रक अजून झालेलं नाही. तुम्ही सांगितलेली तरतुदीची गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नव्हती. कनिष्ठ अभियंत्याला आम्ही वस्तीतल्या बैठकीला बोलवावं की नाही यावर गटात दोन मतं आहेत. ते असले की लोक बोलत नाहीत, नसले की त्यांना पटत नाही.

औसेकर, तुमचा प्रतिसाद मी गटातल्या सगळ्यांना वाचायला दिला.

दुसरी_पायरी

मी चाकाची खुर्ची वापरतो. अनेक प्रकल्पांत ‘दिव्यांग प्रतिनिधी’ म्हणून बोलावणं येतं. जवळजवळ नेहमी शेवटी येतं. रॅम्प बांधून झालेला असतो आणि मी त्याच्यावर चढून दाखवायचं, फोटो काढायचा. उतार १:१२ आहे का हे मोजपट्टीने कळतं, त्यासाठी माझी गरज नाही. माझी गरज आहे ती रॅम्प कुठल्या रस्त्यावरून सुरू व्हावा हे ठरताना.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत आणि सल्ल्याला बोलावतात ते सहसा माझ्यासारख्याला: पुरुष, शिकलेला, इंग्रजी बोलणारा, चांगली खुर्ची परवडणारा. वस्तीच्या तीन फुटी बोळातून माझी खुर्ची आतच जात नाही. तिथे जो माणूस हातांवर सरकत येतो, त्याच्यासाठी शौचालयाची ओली फरशी म्हणजे काय असतं याचा विचार करा. त्याचे तळहात त्याच फरशीवर टेकतात आणि नंतर तो त्याच हातांनी जेवतो. त्याला रॅम्पपेक्षा कोरडी फरशी हवी, उंचवट्यावर बसता येईल अशी कोरडी कड हवी, नळ हाताशी हवा. हे मी तुम्हाला सांगू शकत नाही, तोच सांगेल. त्याला शोधा. तो बैठकीला येणार नाही, तुम्हाला त्याच्या दाराशी बसावं लागेल.

आणि कृपा करून ‘दिव्यांगांसाठी’ पाटी लावून एक खोली बांधू नका, नाहीतर तिला कुलूप लागेल आणि आत झाडू-बादल्या ठेवल्या जातील. देखभालीचा करार होईल त्यात ती किल्ली कुणाकडे राहील ते आधी लिहून घ्या.

चांदणवेल

वस्तीत तृतीयपंथी राहतात का? असतील तर कुठल्या रांगेत उभं राहायचं हा त्यांचा रोजचा प्रश्न आहे. काही सीटना थेट बाहेरून दार दिलं तर त्या वृद्धांना, सोबत घेऊन येणाऱ्यांना, सगळ्यांनाच उपयोगी पडतात. पण हे माझं मत. त्यांना तिथे उजेडात यायला आवडेल का, की बायकांच्या बाजूला जायचं आहे, ते त्यांनाच विचारा, एकेकटीला.

उत्तरवारा

मी नॉर्वेत असतो, संगणक क्षेत्रात. वापरणाऱ्यांना बरोबर घेऊन आराखडा करायच्या या पद्धतीचा जन्म आमच्याकडे झाला असं अभिमानाने सांगतात, म्हणून त्याची गोष्ट इथे सांगतो, आणि त्यातलं आपल्याला लागू नसलेलंही.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कारखान्यांत संगणक येऊ लागले तेव्हा लोखंड आणि धातू कामगारांच्या संघटनेने क्रिस्टेन नीगोर या संगणकशास्त्रज्ञाला बरोबर घेतलं. कामगारांनी स्वतः अभ्यास केला, कुठली यंत्रणा आपल्या कामाचं काय करते ते समजून घेतलं. त्यातून पुढे करार झाले आणि नवी यंत्रणा आणण्याआधी कामगारांच्या प्रतिनिधींना माहिती देणं, त्यांच्याशी बोलणं मालकांवर बंधनकारक झालं. १९८१ ते १९८५ दरम्यान युटोपिया नावाचा प्रकल्प झाला, तो वृत्तपत्रांच्या छपाई कामगारांबरोबर. पानं लावायची यंत्रं अजून बाजारात आलेलीच नव्हती. मग पुठ्ठ्याची खोकी, लाकडाच्या फळ्या आणि कागदाचे पडदे मांडून कामगार त्यांवर काम करत असल्यासारखं करून बघायचे. एका रिकाम्या खोक्यावर ‘लेसर प्रिंटर’ लिहिलं होतं. हात कुठे जातो, मान कुठे वळते, हे त्यातून कळायचं. भायखळ्याच्या साड्यांबद्दल वाचताना मला तीच खोकी आठवली. आणि काळही जवळपास तोच.

पण फरक मोठा आहे. इथल्या कामगारांना त्या कामाचे तास पगारी होते. त्यांची संघटना इतकी तगडी होती की मालकाला ऐकणं भाग होतं. त्यांना कुणी हाकलून देणार नव्हतं. आज जगभरच्या कंपन्या ही पद्धत उचलतात तेव्हा खोकी आणि रंगीत चिठ्ठ्या तेवढ्या उचलतात, करार आणि संघटना मागे राहते. बोरीबाभळी यांनी विचारलं ना, तिच्यामागे कोण असेल, तोच कळीचा प्रश्न आहे असं मला वाटतं. त्या बाईकडे ‘नाही’ म्हणायची ताकद नसेल तर तुमचं कापडाचं घर तिच्यासाठी एक दिवसाचा कार्यक्रम आहे.

ओलासुका

पुण्यात कचरावेचकांबरोबर काम करते. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली, २००८ मध्ये स्वच्छ सहकारी संस्था. या बायकांना संघटना आहे, ओळखपत्र आहे, त्यामुळे उत्तरवारा म्हणतात ती ताकद थोडीफार आहे. तरी काय होतं ते सांगते.

एका डिझाइन कॉलेजच्या मुलांनी ढकलगाडीचा नवा नमुना करून आणला. सुंदर होता. वर झाकण, आत खोल पिंप, गुळगुळीत कडा. बैठकीत बायकांनी हात फिरवला, “छान आहे, छान आहे” म्हणाल्या. मुलांनी लिहून घेतलं, प्रतिसाद उत्तम. मी त्यांना म्हटलं, उद्या फेरीला चला. एक मावशी ती गाडी घेऊन निघाल्या. पिंपाच्या तळाशी हात पोचेना. त्यांना जाताजाता सुका वेगळा करायचा असतो, बाटल्या एकीकडे, पुठ्ठा एकीकडे, कारण भंगाराचा पैसा त्यातच आहे. झाकण दर वेळी उचलायचं तर दुसरा हात अडकतो. तिसऱ्या सोसायटीपाशी त्यांनी झाकण काढून भिंतीला टेकवून ठेवलं, दांड्याला दोन्ही बाजूंनी पोती बांधली आणि पुढे निघाल्या. मुलगा मागून पळत विचारतो, “मावशी, काल का नाही सांगितलंत?” त्या म्हणाल्या, “तू एवढं मन लावून केलंस रे बाळा.”

ती मुलं मनापासून काम करणारी होती. त्यांनी नंतर दांड्याला हूक लावले, पिंप उथळ केलं. पण तुम्ही बैठकीतल्या होकारावर कधीच थांबू नका. बायका माणसाचं मन राखतात.

आणि पैसे. बैठकीची वेळ म्हणजे तिची घरं बुडतात किंवा भंगार दुसरी उचलते. तिला चहा-बिस्किटावर बसवून घेणं बरोबर नाही. तुमच्या गटाला मानधन आहे ना? मग तिलाही त्या दिवसाच्या कमाईएवढं द्या आणि ते अंदाजपत्रकात उघडपणे धरा. ‘पैसे दिले तर मतं विकत घेतल्यासारखं होतं’ असं मला पुष्कळदा ऐकवतात. वास्तुविशारदाची फी दिल्याने त्याचं मत विकत घेतलं असं कुणी म्हणत नाही.

लोखंडी_पूल

ओलासुका यांचा मुद्दा बरोबर आहे, पण महापालिकेच्या अंदाजपत्रकात असं मानधन धरता येणं अवघड. लेखापरीक्षणात आक्षेप येतो. गटाच्या सल्लागार शुल्कातून द्या किंवा एखाद्या कंपनीच्या सामाजिक निधीतून. हजेरीपत्रकावर सही किंवा अंगठा घ्या, रक्कम लिहा.

कनिष्ठ अभियंत्याबद्दल: त्याला बैठकीला बोलावू नका, पहाटेच्या रांगेला न्या. दार बादलीवर आपटताना त्याने स्वतः पाहिलं की बाकी काही समजवावं लागणार नाही.

मृद्गंधा

येरवड्याबद्दल एक पुस्ती जोडते. तिथे फक्त कच्च्या घरांना पैसे होते. शेजारचं पक्कं घर तसंच राहणार. त्यामुळे बोळ रुंद करायचा, सांडपाण्याची लाइन सरळ टाकायची, अशा सगळ्या वस्तीच्या गोष्टी हातात राहिल्या नाहीत. घराच्या आतलं लोकांनी ठरवलं आणि घराबाहेरचं योजनेच्या नियमाने ठरलं. त्यात वास्तुविशारदांना दोष द्यायचं कारण नाही, त्यांनी मिळालेल्या चौकटीत खूप केलं. पण कुठल्या गोष्टी ठरवायच्या राहिल्या आहेत आणि कुठल्या आधीच ठरल्या आहेत हे पहिल्याच दिवशी वस्तीला स्पष्ट सांगायला हवं. लोक नकार पचवतात. फसवलं गेल्याचं विसरत नाहीत.

औसेकर

मृद्गंधा, शंभर टक्के. आमच्याकडे अजून म्हातारी माणसं विचारतात, “नकाशा आधीच झाला होता तर सभा कशाला घेतली?”

मेघना_द

सगळ्यांचे मनापासून आभार. काल गटाची बैठक झाली, त्यात ठरलं ते लिहिते, कुणाला खटकलं तर सांगा.

मंडळाच्या ऑफिसातली बैठक बंद करत नाही, त्यांना डावललं तर काम पुढे सरकणार नाही. पण ती शेवटी घेणार. त्याआधी भाडेकरू बायकांची दुपारी अंगणवाडीत, कामावरून परतायच्या आणि पाणी यायच्या मधल्या वेळेत. कचरावेचकांची त्यांच्या सॉर्टिंग शेडपाशी. पोरांबरोबर शाळेत, चित्रं काढून नव्हे, तर खडूने जमिनीवर सीट आखून, त्यावर बसून बघायचं. वस्तीत हातांवर सरकणारे एक काका आहेत, आशाताईंनी लगेच नाव सांगितलं. त्यांच्याकडे मी आणि आमच्यातला मुख्य आराखडाकार दोघं जाणार, कारण ऐकणारा एक आणि रेषा ओढणारा दुसरा असं नको. मानधन आमच्या शुल्कातून. वस्तीत बचत गट दोन आहेत, दोन्ही झोपल्यासारखे. देखभालीचा करार त्यांच्याकडे जाऊ शकतो का याची चौकशी सुरू केली आहे. तसं झालं तर त्यांना बोलायला कारण मिळेल आणि महापालिकेलाही त्यांचं ऐकावं लागेल.

जागा, मजले आणि एकूण खर्च ठरलेला आहे. हे फळ्यावर लिहून लावणार. दारं, सीटची संख्या कुणासाठी किती, पाणी, दिवे, रांगेची जागा, देखभाल करणाऱ्याची खोली आणि किल्ल्या, हे सगळं खुलं आहे. तेही त्याच फळ्यावर.

खऱ्या मापाचं एक दालन आणि रांगेची जागा कापडाने वस्तीच्या मैदानात उभी करायची आहे. दाराच्या जागी खरं जुनं दार, हातात बादली आणि काखेत मूल घेऊन बघायचं. आमच्याकडे कापड-बांबूचं काही नाही. भाड्याने आणलं तर महाग पडेल का?

बोरीबाभळी

वस्तीतल्याच मांडववाल्याला सांगा. गणपती-नवरात्र सोडून त्याचे बांबू आणि पडदे पडूनच असतात, दोन दिवसांचं भाडं फार होत नाही. आणि बांधायला त्याचीच पोरं घ्या. पडदा फूटभर मागे-पुढे सरकवायचा झाला तर हाक मारली की येतील.

ओलासुका

बादल्या भरलेल्या ठेवा. रिकाम्या बादलीने काही कळत नाही.